नाकाचे दिवस

पप्पांचं म्हणणं होतं की लातूरच्या माणसाला वर्षातून दीड-दोन महिनेच नाक असतं. बाकीचे दिवस नुसत्या नाकपुड्या. फेब्रुवारी सरत आला की हवा तापते, मग धूळ, मग मे महिन्यातल्या त्या दुपारी, जेव्हा श्वास घेतला तरी फक्त ऊनच आत येतं. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा दमट वास घरातल्या बाकी सगळ्या वासांवर बसून राहतो. थंडी पडली की मात्र वास एकेक करून सुटे होतात. लोखंडी गेटचा वेगळा, शेजारच्या बंबाचा वेगळा, कपाटातून काढलेल्या स्वेटरचा वेगळा. पप्पा अंगणात उभे राहून दोनदा नाक ओढायचे आणि म्हणायचे, "आलं नाक." आमच्या घरात हिवाळा असा जाहीर व्हायचा.

आता मी नांदेडला असते, बँकेत. या आठवड्यात इथेही थंडी आली. सकाळी वजिराबादच्या रस्त्यावर चहाच्या गाड्याशेजारी कुणीतरी तुराट्या पेटवून शेकत बसलं होतं. तुरीच्या वाळक्या काड्यांचा धूर गोडसर असतो. डोळ्यांना फार झोंबत नाही, घशात मात्र रेंगाळतो. मी थांबले. सोबतच्या मॅडम म्हणाल्या, चहा घ्यायचा का? मी हो म्हटलं. चहा नको होता, पण का थांबले हे सांगायचं तर मला स्कॉटलंडपासून सुरुवात करावी लागली असती.

माझे वडील स्कॉच व्हिस्की जमवायचे. हे वाक्य मी घराबाहेर आजवर कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच एक चित्र तयार होतं, आणि ते आमच्या घराचं नसतं. पप्पा लातूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. त्यांना झिंगलेलं मी कधीही पाहिलं नाही. दर हिवाळ्यात एक बाटली उघडायची, रविवारी दुपारी त्यातली चमचाभर एका लहान ग्लासात ओतायची, आणि तासभर तिचा वास घेत बसायचं. घोट घ्यायचा तो सगळ्यात शेवटी, जणू आता निघायचं म्हणून पाहुण्याशी हात मिळवावा तसा. बाटली संपायला पुढचा हिवाळा उजाडायचा.

दुकानात मिळते ती व्हिस्की त्यांना नको असायची. दुकानातली बाटली म्हणजे पुष्कळ पिंपांचं मिश्रण, दरवर्षी चव तीच लागावी म्हणून जुळवून आणलेलं. पण तिकडे काही छोटे व्यापारी असे आहेत की त्यांची स्वतःची डिस्टिलरी नसते. ते गोदामांतून फिरतात, एखादं लाकडी पिंप पसंत करतात आणि त्या एकाच पिंपातली व्हिस्की, पाणी न मिसळता, रंग न घालता, बाटल्यांत भरतात. एका पिंपातून दोन-अडीचशे बाटल्या निघतात. लेबलावर पिंपाचा नंबर असतो, ते भरल्याचं वर्ष असतं. त्या बाटल्या संपल्या की ती चव जगातून संपली. शेजारच्या पिंपात तेच पाणी, तेच सातू, तितकीच वर्षं, तरी चव दुसरी. "लाकूड कुणाशी कसं वागंल सांगता येत नाही, बाळा," पप्पा म्हणायचे. हे बोलताना ते खडू हातात असल्यासारखी बोटं धरायचे.

अशा बाटल्या लातूरला यायच्या त्या विद्यार्थ्यांच्या बॅगांतून. परदेशी गेलेले पप्पांचे विद्यार्थी सुट्टीवर निघताना फोन करत, सर काय आणू? बाकीच्यांचे सर बहुधा चॉकलेट सांगत असतील. उदगीरचा अझहर ग्लासगोला नोकरी करायचा. तो स्वतः थेंबालाही शिवत नसे, पण सरांसाठी कुठल्या कुठल्या गल्लीतली दुकानं शोधायचा. स्वेटरात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवून त्याने एकदा गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सर, हे पाप माझ्या नावावर का तुमच्या?" पप्पा म्हणाले, "वाहतुकीचं तुझ्या, वासाचं माझ्या." आई आतून म्हणाली, "आणि बाटली धुवायचं माझ्या." रिकाम्या बाटल्यांत आई करडईचं तेल भरून ठेवायची. जाड काच, नीट बसणारं बूच, तिला त्या फार आवडायच्या. शेजारच्या काकू तेल मागायला आल्या की मोठ्या ऐटीच्या बाटलीतून वाटीभर तेल जायचं आणि पप्पा पेपराआड हसायचे.

मी नववीत असताना पप्पांनी मला पहिल्यांदा तो ग्लास हुंगायला दिला. प्यायला नाही, फक्त हुंगायला. त्या काळात मी जवळजवळ बोलतच नव्हते. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे इंग्रजी चुकेल म्हणून गप्प, घरी आल्यावर दिवसभर न बोलल्याची सवय म्हणून गप्प. टीचरनी आईला बोलावून विचारलं होतं, घरी काही प्रॉब्लेम आहे का? पप्पांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी ग्लासावर प्रयोगशाळेतली ती बशीसारखी काच झाकली, थोडा वेळ थांबले, काच सरकवली आणि ग्लास माझ्यासमोर धरला. "काय येऊन राहिलंय ते सांग. नाकाला येईल तेच. लेबलावरचं नाही, मला आवडंल ते नाही."

लेबलावर इंग्रजीत काय काय लिहिलेलं असायचं. तिकडच्या माळावरची फुलं, नाताळचा केक, संत्र्याचा मुरंबा. ती फुलं आम्ही दोघांनीही जन्मात पाहिली नव्हती. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मला ते शब्द वाचता यायचे, पण त्यांना वास नव्हता. मी खूप वेळ ग्लासात नाक घालून बसले आणि म्हणाले, "गोणपाट." मग म्हणाले, "ओलं नाही. उन्हात वाळलेलं. आधी त्यात गूळ होता." पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी काहीतरी फार चुकीचं बोलले. त्यांनी स्वतः हुंगलं, डोळे मिटले. "गूळ होता," ते म्हणाले, "हाव. होता."

त्यानंतर दर हिवाळ्यात आमची एक भाषा वाढत गेली. चिंचेचं लोणचं नाही, चिंचेच्या झाडाखालची माती. नवी वही नाही, भिजून वाळलेली वही. बिब्बा. खारीक. तापलेल्या पत्र्यावर पडलेलं पाणी. दलदलीतली माती वाळवून, जाळून तिच्या धुरावर सातू वाळवतात, तशी एक व्हिस्की होती. तिच्यात पप्पांना दवाखाना यायचा आणि मला विझलेल्या तुराट्या. त्यावर आम्ही अख्खा रविवार भांडलो. मी भांडले, हे महत्त्वाचं. आई स्वयंपाकघरातून ऐकत असायची. पुढे ती मला म्हणाली, तुझा आवाज असा आहे हे मला तेव्हा कळलं.

आई त्या टेबलाशी कधी बसत नसे. आमचं घर बौद्ध. रोज संध्याकाळी वंदना होते, आणि पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. पप्पा चार शीलं म्हणायचे आणि पाचव्याला गप्प व्हायचे. जे पाळत नाही ते तोंडाने म्हणू नये, असं त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईला सांगून टाकलं होतं. आई मग पाचवं जरा मोठ्याने म्हणायची, दोघांच्या वाटचं. याच्यावरून त्यांच्यात वाद झालेला मी ऐकला नाही. एकच गोष्ट दोघांमध्ये पक्की ठरलेली होती. कंधारच्या मोठ्या बाबांना हे कळता कामा नये.

मोठे बाबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. आजोबा हातभट्टीची प्यायचे. मोठे बाबा शाळकरी वयात रोज संध्याकाळी गुत्त्यावर जायचे आणि आजोबांना खांद्याचा आधार देऊन घरी आणायचे. पप्पा तेव्हा लहान. ते मागून आजोबांच्या चपला हातात घेऊन चालायचे. हे मला पप्पांनीच सांगितलं, एका रविवारी, ग्लास झाकून ठेवल्यावर. आजोबा लवकर गेले. मोठे बाबा झेडपीच्या शाळेत मास्तर झाले आणि त्यांनी पप्पांना शिकवलं. वस्तीतला गुत्ता उठवायला बायकांच्या पुढे तेच उभे होते. अशा माणसाला कपाट उघडून काय दाखवणार, आणि कुठल्या शब्दांत समजावणार की ही ती नव्हे. खरं तर तीच. फक्त तिला लेबल होतं, आणि आम्हाला पगार होता.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक बाटली वर्षानुवर्षं न उघडता उभी होती. ती अझहरनेच आणलेली. ज्या डिस्टिलरीची ती होती ती कधीच बंद पडली, पाडूनही टाकली. त्या पिंपातल्या बाटल्या बहुतेक पिऊन झालेल्या. लेबलावरचं वर्ष ते होतं ज्या वर्षी पप्पा पत्र्याची ट्रंक घेऊन कंधारहून औरंगाबादच्या हॉस्टेलला गेले. "ही पिंपात गेली आणि मी हॉस्टेलात," ते म्हणायचे. "दोघांवरही एकदमच झाकण पडलं. बघू कोण कसं मुरलंय." ती रिटायर झाल्यावर उघडायची होती. तोवर तिला ऊन लागू द्यायचं नाही, हलवायचं नाही. अधूनमधून ते कप्पा उघडून नुसते बघायचे.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल आला, ज्यात सगळ्यांच्याच घरात काही ना काही झालं. पप्पांना दवाखान्यात न्यावं लागलं. मी नांदेडला अडकलेले, आई लातूरला एकटी. मोठे बाबा कुणाला न विचारता कंधारहून मिळेल त्या गाडीने निघाले. मी तासाभरात पोचतो, असा त्यांचा फोन आला तेव्हा आईला पहिल्यांदा कपाट आठवलं, कारण ते झोपणार होते त्याच खोलीत. आईने दोन साध्या बाटल्या त्यांच्या खोक्यासकट माळ्यावर ढकलल्या. ती एक मात्र तिला माळ्यावर टाकवेना. नवरा दवाखान्यात, आणि त्याने इतकी वर्षं जपलेली वस्तू. तिने ती बाळंतपणातल्या मऊ गोधडीत गुंडाळली, लोखंडी पेटीत ठेवली, आणि वर माझे लहानपणचे कपडे घालून कुलूप लावलं.

मोठे बाबा दिवाळीपर्यंत राहिले. दवाखान्याच्या दारात ते उभे राहायचे, डबा तेच न्यायचे. पप्पा घरी आल्यावर त्यांना धरून अंगणात चालवायचेही तेच. भावाला खांद्यावर घेऊन चालायची त्या माणसाच्या अंगाला सवयच होती.

पप्पा हळूहळू बरे झाले. नाक आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागतो, रोज सराव करा. आई सकाळी चार वाट्या मांडायची. लवंग, लिंबाची साल, गुलाबपाणी, निलगिरी. पप्पा डोळे मिटून एकेक वाटी नाकाशी धरायचे. "ही लवंग," ते म्हणायचे. आईचा चेहरा उजळायचा. "मांडताना पाहिली ना मी," असं म्हणून ते वाटी खाली ठेवायचे. तो हिवाळा असाच गेला. कपाट कुणी उघडलं नाही, पेटीही नाही. कुणी अंगणात उभं राहून काही जाहीर केलं नाही. एकदा मी सुट्टीवर आलेली असताना न्हाऊन दारात केस वाळवत बसले होते. पप्पा मागून आले आणि माझ्या डोक्यावर वाकले, लहानपणी वाकायचे तसे. थोडा वेळ तसेच राहिले. मग सरळ झाले आणि आत गेले. आतल्या खोलीचा पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. थंडीचे दिवस होते.

पुढच्या वर्षी ते रिटायर झाले. कॉलेजात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. थंडी पडल्यावर त्यांनी मला नांदेडला फोन केला. "माझं नाक काही येत नाही आता. तुझं हाय ना? रविवारी ये. आपण ती उघडू." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. त्यांना ती बाटली कशी आहे हे जाणून घ्यायचं होतं, मरायच्या आधी असं ते म्हणाले नाहीत, पण ते त्यात होतं. आणि ती त्यांना कळणार होती फक्त माझ्या शब्दांतून. बसमध्ये लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी मनातल्या मनात वासांचे शब्द आठवत होते, परीक्षेला जाताना करतात तसं.

त्या रविवारी समोरच्या खोलीत फरशीवर ऊन आलं होतं. टेबलावर ग्लास, झाकायची काच, पाण्याचे थेंब टाकायला ड्रॉपर. पप्पांनी आईलाही बसवून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. "आज तरी बस," ते म्हणाले. आई म्हणाली, आधी आणते तर. ती आत गेली आणि गोधडी दोन्ही हातांवर आडवी घेऊन आली. निजलेलं लेकरू आणावं तशी.

पप्पांनी ते पाहिलं. मीही पाहिलं, पण मला तेव्हा काही कळलं नाही. गोधडी सोडली तर आतल्या बाजूला पिवळसर तांबडा डाग होता, वाळून कडक झालेला. बाटली मानेपर्यंत भरलेली असायची, ती खांद्याच्या खाली गेली होती. पप्पांनी बूच फिरवलं. वरचा लाकडी तुकडा हातात आला. खालचं बूच आत राहिलं आणि बोट लावताच भुसा होऊन आत पडलं.

वाईनची बाटली आडवी ठेवतात. व्हिस्कीची कायम उभी, कारण ती कडक असते, बुचाला लागून राहिली की बूच खाते. पप्पांना हे माहीत होतं, मला माहीत होतं. आईला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळ कधी येईल असं वाटलं नव्हतं. दोन उन्हाळे ती बाटली त्या तापलेल्या पेटीत आडवी होती. माळ्यावर ढकललेल्या दोन्ही मात्र खोक्यात उभ्या होत्या, आणि ठीक होत्या.

पप्पांनी प्रयोगशाळेतला गाळणकागद आणून चमचाभर गाळली. काच झाकली. आम्ही तिघं त्या झाकलेल्या ग्लासाकडे बघत बसलो. मग त्यांनी काच सरकवली आणि ग्लास माझ्याकडे दिला.

"काय येऊन राहिलंय?"

मी नाक जवळ नेलं. आई पदराचं टोक मुठीत धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेलं आज ती समोर बसून ऐकणार होती. मी गप्प राहिले. गप्प राहणं मला चांगलं जमतं. पण पप्पांना माझ्या गप्प राहण्यातलंही ऐकू यायचं.

"सांग बाळा. येईल तेच."

"डांबरगोळी," मी म्हणाले. "आणि भिजलेला पुठ्ठा."

आई म्हणाली, "डांबरगोळ्या तर पेटीत..." आणि थांबली. मग तिने बाटलीकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं. "पेटीत उभी कशी ऱ्हाईल ओ," ती म्हणाली. "फुटू नये म्हणून निजवली होती."

पप्पा बुचाचा भुसा बोटांत चोळत होते. ते म्हणाले, "एका पिंपातल्या सगळ्या बाटल्या सारख्या. ज्याच्याकडं असंल त्याच्याकडं तीच. ही अशी मात्र जगात कुणाकडंच नाही."

"उगं समजूत घालू नका," आई म्हणाली.

"समजूत नाही. केमिस्ट्री हाय," पप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा पुढे झुकून, हळू आवाजात म्हणाले, "खाली बघ. डांबराच्या खाली काही हाय का?"

मी पाण्याचे दोन थेंब टाकले. पुन्हा नाक घातलं. चुन्याचे थर दिलेल्या भिंतीत जुना रंग शोधावा तशी मी शोधत राहिले. एकदा वाटलं, अगदी दूर काहीतरी आहे. गूळ म्हणावा असं. पुन्हा पाहिलं तर नव्हतं. ते आलं होतं की मला यावंसं वाटलं होतं, हे मला ठरवता येईना. आणि पप्पांना आवडेल ते सांगायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

"बरं," पप्पा म्हणाले. त्यांनी ग्लास घेतला आणि एका घोटात संपवला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "भाजतंय तेवढं कळलं," ते म्हणाले, आणि हसले. हसताना त्यांनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. आई तो हात तसाच तिथे राहू देऊन कितीतरी वेळ बसली. ऊन फरशीवरून भिंतीवर गेलं. ती बाटली आईने तेलासाठी ठेवली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पप्पा गेले, झोपेतच. माणूस गेल्यावर घरात त्याचा वास काही दिवस राहतो. उशीला, चष्म्याच्या डबीला, शर्टाच्या कॉलरला. मी नांदेडला परतताना त्यांचं एक बनियन पिशवीत घालून नेलं. महिनाभरात ते नुसतं कापड झालं. वास टिकवता येत नाही. त्यासाठी लाकूड लागतं, अंधार लागतो, आणि तरीही दरवर्षी त्यातलं थोडं उडून जातंच.

थंडी आली तेव्हा मी लातूरला गेले. समोरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, जिथे माझे शाळेतले कप असायचे, तिथे आईने माळ्यावरच्या दोन बाटल्या ओळीने उभ्या केल्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, लपवून काय राहिलं? त्याच आठवड्यात मोठे बाबा यायचे होते. मी तिला एकदाच विचारलं, काढून ठेवू का? ती म्हणाली, राहू दे.

मोठे बाबा आले, चहा झाला, कंधारच्या गोष्टी झाल्या. ते बऱ्याच वेळानंतर उठून कपाटापाशी गेले. चष्मा वर करून लेबलं वाचली. त्यांचं इंग्रजी मास्तरांचं होतं, प्रत्येक अक्षराला मान देणारं. मग खुर्चीत येऊन बसले आणि मला म्हणाले, "हे त्याचं हाय का, माय?"

मी हो म्हटलं. आणि मग मी बोलले. मी कुणाला काही सांगत नाही, पण त्यांना सगळं सांगितलं. चमचाभर, हिवाळा, अझहर, गोणपाट, गूळ, पेटी. ते वर्गात पोराचा पाठ ऐकावा तसे मान खाली घालून ऐकत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"शेवटी दारूच ना ती," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

ते कपाटाकडे वळले. "दाव."

मी एक बाटली उघडली. बूच नीट निघालं. चमचाभर ओतली, काच झाकली, सरकवली. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पुन्हा नेला. या वेळी बराच वेळ तिथेच ठेवला. त्यांचे डोळे उघडेच होते, समोरच्या भिंतीवर.

"आमच्या बाच्या अंगाला असा येत नव्हता," ते म्हणाले. "त्याचा सदरा मीच धुवायचो."

त्यांनी ग्लास टीपॉयवर ठेवला आणि बोटाने आणखी थोडा पुढे सरकवला.

"मंग माझ्यापासून लपवलं कशाला त्यानं?"

आई दारातूनच म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटंल म्हणून, भाऊजी. भीत नव्हते. वाईट वाटंल म्हणून."

मोठ्या बाबांनी मान हलवली. एकदा, दोनदा, मग हलवतच राहिले.

"वाटलं असतं," ते म्हणाले. "लई वाटलं असतं. रुसलो असतो मी. चार-सहा महिने ह्या घरात पाय ठेवला नसता." त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला, आणि चष्मा न पुसता रुमाल तसाच हातात धरून बसले. "मंग आलोच असतो की."